वय, नजर आणि गाडीची किल्ली

अध्यक्ष महोदय, ज्येष्ठ नागरिक संघाचे सभासद आणि उपस्थित मित्रहो,

गेली सव्वीस वर्षे मी पुण्यात नेत्रतज्ज्ञ म्हणून काम करतो आहे, आणि या काळात एक प्रसंग माझ्यासमोर इतक्या वेळा घडला आहे की त्यातली वाक्येसुद्धा मला पाठ झाली आहेत. पंचाहत्तरीच्या आसपासचे वडील तपासणीच्या खुर्चीवर बसलेले असतात, मुलगा किंवा मुलगी मागे उभी असते, आणि तपासणी संपत आली की मागून आवाज येतो, "डॉक्टर, यांनी आता गाडी चालवू नये, हे तुम्हीच सांगा. आमचं ऐकत नाहीत." वडील काही बोलत नाहीत, ते चष्म्याच्या काचा पुसत राहतात. त्या मुलाची काळजी खरी असते, त्याने वडिलांच्या गाडीच्या दारावरचा नवा ओरखडा पाहिलेला असतो. पण वडिलांचे ते गप्प बसणे मला अस्वस्थ करते, कारण वय झालेला माणूस रस्त्यावर सुरक्षित आहे का, हा प्रश्न आपण बहुतेक वेळा त्या माणसाच्या डोक्यावरून विचारत असतो.

आधी आपल्या रस्त्यांवर माणसे कशाने दगावतात ते पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात 4,61,312 अपघात झाले आणि त्यांत 1,68,491 माणसांचे प्राण गेले. यांतले सुमारे 71 टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाल्याची नोंद आहे. मृतांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश 18 ते 45 या वयोगटातले होते. 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवर होते आणि सुमारे एकपंचमांश पायी चालत होते. मरणाऱ्याचे वय म्हणजे चूक करणाऱ्याचे वय नव्हे, त्यामुळे एवढ्यावरून ज्येष्ठांना निर्दोष ठरवता येणार नाही. तरीही अतिवेग, दारू पिऊन गाडी हाकणे, मध्यरात्री महामार्गावर शर्यत लावणे या गोष्टी सत्तरी ओलांडलेल्या माणसाकडून सहसा होत नाहीत, हे आपण सगळेच जाणतो.

मग परदेशातल्या आकडेवारीत, गाडी चालवलेल्या किलोमीटरच्या हिशेबाने पाहिले तर, पंचाहत्तरीनंतर चालकांच्या मृत्यूंचे प्रमाण वर चढलेले का दिसते? याचे एक मोठे कारण शरीराचा ठिसूळपणा हे आहे. ज्या धडकेत तिशीतला माणूस छातीला मुका मार लागून घरी येतो, त्याच धडकेत ऐंशीच्या माणसाच्या चार फासळ्या मोडतात, आणि त्यातून तो रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर डोक्याला लागलेला साधा टोलाही जिवावर बेततो. अमेरिकेत 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले की ज्येष्ठ चालकांच्या जादा मृत्यूंचा मोठा वाटा या ठिसूळपणाचा आहे, अधिक अपघात करण्याचा वाटा त्याहून बराच लहान आहे. दुसरे कारण हिशेबाच्या पद्धतीत आहे. वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटरच गाडी चालवणारा माणूस ती भाजी मंडईपर्यंत, बँकेपर्यंत, देवळापर्यंत नेतो, म्हणजे चौक, वळणे आणि पादचारी यांच्यातूनच नेतो. महामार्गावर सरळ जाणाऱ्याचे किलोमीटर भराभर वाढतात आणि किलोमीटरमागे अपघात आपोआप कमी भरतात. थोडी गाडी चालवणारा पंचविशीतला तरुणही या हिशेबात धोकादायकच ठरतो.

असे असले तरी वयाने काहीच बदलत नाही, असे मी म्हणणार नाही. मी डोळ्यांचा डॉक्टर आहे आणि काय बदलते ते रोज पाहतो. बाहुली लहान होत जाते, आतले भिंग पिवळट होते, आणि साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच उजेड पोहोचतो. दुपारी हे जाणवत नाही. संध्याकाळी सात वाजता पाऊस पडत असताना, रस्त्यावरचे पट्टे पुसलेले असताना आणि समोरून कुणी एलईडी दिव्यांचा अपर मारत येत असताना ते जाणवते. तिरीप लागल्यावर तरुण डोळा चटकन सावरतो. म्हाताऱ्या डोळ्याला सावरायला जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात गाडी आंधळेपणाने पुढे गेलेली असते. जानेवारी 2019 मध्ये इंग्लंडच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप सँड्रिंगहॅमजवळ स्वतः गाडी चालवत असताना त्यांची दुसऱ्या गाडीशी टक्कर झाली आणि त्या गाडीतल्या दोन स्त्रिया जखमी झाल्या. त्यांचे वय तेव्हा 97 होते. जखमी स्त्रीला लिहिलेल्या माफीच्या पत्रात त्यांनी मुख्य रस्त्यावर खाली उतरलेल्या सूर्याचा उल्लेख केला होता, आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी परवाना परत केला. ते पत्र वर्तमानपत्रात वाचले तेव्हा मला माझे कितीतरी रुग्ण आठवले, कारण उन्हाच्या तिरिपीची ही तक्रार मी दर आठवड्याला ऐकतो.

यातला एक दोष दुरुस्त होण्याजोगा आहे, तो म्हणजे मोतीबिंदू. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मोतीबिंदू असलेल्या ज्येष्ठ चालकांचा काही वर्षे पाठपुरावा केला गेला, आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांचे अपघातांचे प्रमाण न करून घेतलेल्यांच्या निम्मे होते. म्हणजे ज्या माणसाला "तुमचे वय झाले, गाडी सोडा" असे आपण सांगत असतो, त्याला कदाचित एका सकाळच्या शस्त्रक्रियेची गरज असते.

काचबिंदूचे तसे नाही. तो समोरची नजर शेवटपर्यंत शाबूत ठेवतो आणि कडेची नजर गुपचूप खात जातो. अशा रुग्णाला तक्त्यावरची शेवटची ओळ खडखडीत वाचता येते आणि डावीकडून गल्लीतून आलेला सायकलवाला दिसतच नाही. "तो अचानक आला", असे हे रुग्ण सांगतात, आणि ते खोटे बोलत नसतात. त्यांच्या नजरेपुरता तो खरोखरच अचानक आलेला असतो. त्यात मान आखडलेली असली तर अडचण दुप्पट होते. आपल्याकडे उजवे वळण घेताना समोरून येणाऱ्या रांगेचा वेग जोखावा लागतो, आरशात पाहावे लागते, मान वळवून पादचारी पाहावा लागतो आणि मागचा हॉर्न सोसावा लागतो, हे सगळे दोन-तीन सेकंदांत. वाढत्या वयात माणूस सावकाश आणि एकेक गोष्ट नीट करू शकतो. चौकात मात्र त्या सगळ्या एकदम कराव्या लागतात. झोपेची गोळी, सर्दी-ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्या, इन्सुलिन घेऊन न्याहारी लांबली तर उतरणारी साखर, यांचाही परिणाम डोळ्यांइतकाच मोठा असतो. स्कूटरवर तर तोल सांभाळायचा असतो आणि सिग्नलला पाय टेकवायचा असतो. गुडघा दुखत असेल तर पहिली चूक तिथेच होते.

आता आपला कायदा यातले काय तपासतो ते पाहा. 2019 च्या दुरुस्तीनंतर पन्नास ते पंचावन्न या वयात घेतलेला परवाना साठीपर्यंत चालतो आणि पंचावन्नीनंतर तो दर पाच वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो. चाळिशीनंतर नमुना 1-अ हे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यात चांगल्या उजेडात 25 मीटर अंतरावरून मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का, लाल-हिरवा रंग कळतो का, रातांधळेपणा आहे का, हॉर्न ऐकू येतो का, असे प्रश्न आहेत. प्रश्न वाईट नाहीत. पण कडेच्या नजरेचे मापन त्यात वेगळे मागितलेले नाही, तिरीप लागल्यावर डोळा किती वेळात सावरतो हे कुणी विचारत नाही, आणि एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देण्याच्या क्षमतेचा तर उल्लेखही नाही. जे आहे तेही नीट भरले जात नाही. माझा स्वतःचा परवाना नवा करायची वेळ आली तेव्हा मी एक सामान्य माणूस म्हणून एका दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी मान वर न करता माझे वय विचारले, शिक्का मारला, पैसे घेतले आणि कागद पुढे सरकवला. माझा चष्मा खिशात होता, तो काढायलाही त्यांनी सांगितले नाही. ज्या कागदावर माझ्या व्यवसायातला माणूस सही करतो तो कागद असा भरला जावा, याची मला आजही शरम वाटते.

कायदा कडक करावा, ठरावीक वयानंतर सर्वांची परीक्षा घ्यावी, असे यावर लगेच सुचते. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. मत बदलले ते उत्तर युरोपातल्या दोन अनुभवांमुळे. फिनलंडमध्ये सत्तरीपासून ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी सक्तीची होती, शेजारच्या स्वीडनमध्ये तशी सक्ती नव्हती. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत फिनलंडच्या ज्येष्ठ चालकांचे अपघात त्यामुळे कमी झाल्याचे दिसले नाही. उलट पायी आणि सायकलवर जाणाऱ्या ज्येष्ठांचे मृत्यू तिथे अधिक होते. पुढे डेन्मार्कने ज्येष्ठ चालकांसाठी स्मरणशक्ती आणि आकलनाची चाचणी सुरू केली. 2012 मधल्या अभ्यासात आढळले की ज्येष्ठ चालकांच्या प्राणघातक अपघातांत त्यामुळे फरक पडला नाही, पण गाडीबाहेरच्या, म्हणजे चालत किंवा सायकलने जाणाऱ्या, ज्येष्ठांचे मृत्यू लक्षणीय वाढले. गाडी सोडलेला माणूस घरात बसून राहत नाही. त्याला औषध आणायचे असते, मित्राकडे जायचे असते. तो रस्त्यावर येतो, फक्त आता त्याच्याभोवती पत्रा नसतो.

हे डेन्मार्कमध्ये घडले, जिथे पदपथ आणि सायकलमार्ग आहेत. आपल्याकडे काय घडेल याचा विचार करताना मला माझ्या वडिलांची आठवण येते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांची स्कूटर आम्ही भावंडांनी मिळून बंद केली. किल्ली मी माझ्या कपाटात ठेवली, आणि आम्हाला सगळ्यांना फार जबाबदारीने वागल्यासारखे वाटले. ते वाचनालयात पायी जाऊ लागले. पदपथावर लावलेल्या दुचाक्यांमुळे त्यांना रस्त्यावर उतरून चालावे लागे, आणि तिसऱ्या महिन्यात उलट्या दिशेने आलेल्या एका दुचाकीने त्यांना पाडले. खुब्याचे हाड मोडले. स्कूटर बंद करण्याचा निर्णय चुकीचा होता असे मी अजूनही म्हणत नाही, त्यांची नजर खरोखर उतरली होती. पण त्यांनी वाचनालयात कसे जायचे, हा प्रश्न आमच्यापैकी एकानेही विचारला नव्हता.

याचा अर्थ कुणाचीही किल्ली कधीच काढून घेऊ नये, असा नाही. एप्रिल 2019 मध्ये टोकियोतल्या इकेबुकुरो भागात 87 वर्षांच्या चालकाने ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, आणि सायकलवरून जाणारी तरुण आई व तिची तीन वर्षांची मुलगी जागीच गेली. गाडीतच बिघाड होता, असे तो न्यायालयात सांगत राहिला. 2021 मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. त्या मायलेकींपुढे ज्येष्ठांच्या स्वातंत्र्याची कोणतीही भाषा टिकत नाही, आणि ज्याला आपल्या पायाखाली कोणते पेडल आहे याची खात्री उरलेली नाही त्याने त्याच दिवशी थांबले पाहिजे. या घटनेनंतर जपानमध्ये परवाना स्वेच्छेने परत करणाऱ्यांची संख्या वाढली. 2019 या एका वर्षात सुमारे सहा लाख लोकांनी तो परत केला. हे तिथल्या शहरांना जमले कारण दाराबाहेर वेळेवर येणारी गाडी होती. तिथल्या खेड्यांतल्या म्हाताऱ्यांना मात्र परवाना सोडणे आजही जड जाते.

आपल्याकडे एसटीने 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि 65 ते 75 वयाच्या लोकांना अर्ध्या तिकिटात प्रवास दिला, ही मोठीच गोष्ट आहे, आणि तिचे मोल मला गावाकडच्या रुग्णांकडून कळते. पण एसटीची पहिली पायरी गुडघ्याच्या उंचीवर असते. मेट्रोच्या स्थानकात लिफ्ट आहे, आणि त्या लिफ्टपर्यंत पोहोचायला सहा पदरी रस्ता ओलांडावा लागतो, ज्यावरचा पादचाऱ्यांचा हिरवा दिवा म्हातारा माणूस दुभाजकापर्यंत पोहोचतो तोवर लाल होतो. आपल्या संघाने महापालिकेकडे एकच अर्ज करायचा ठरवला, तर त्या दिव्याचे सेकंद वाढवून मागण्याचा करावा, अशी माझी विनंती आहे.

गाडी सोडणे हे एका दिवसात किल्ली हिसकावून करायचे काम नाही, आणि तपासणीच्या खोलीत मी यावरच सर्वांत जास्त वेळ देतो. आधी रात्रीची गाडी सोडावी, मग पावसातली, मग महामार्ग. उजवे वळण टाळून तीन डावी वळणे घेत जाता येत असेल तर तसे जावे. पुष्कळ ज्येष्ठ हे कुणी न सांगताच करतात. अंधार पडायच्या आत घरी येणारे वडील घाबरलेले नसतात, ते शहाणपणाने गाडी चालवत असतात. पण नेहमीच्या रस्त्यावर चुकायला होणे, दारावर एकामागून एक ओरखडे येणे, सिग्नल सुटल्यानंतर मागच्या हॉर्ननेच भान येणे, यांतले काहीही दिसू लागले तर घरच्यांनी ते बोलायला हवे, आणि आधी त्या माणसाशीच बोलायला हवे.

आज बाहेर पटांगणात आम्ही चुन्याने 25 मीटर आखून ठेवले आहेत आणि पलीकडे एक मोटार उभी केली आहे. चष्मा लावून, एकेक डोळा झाकून तिचा नंबर वाचून पाहा. वाचता आला नाही तर माझा सहकारी तिथे नाव लिहून घेईल. कडेच्या नजरेची तपासणी पटांगणात होत नाही, त्यासाठी दवाखान्यात यावे लागेल. येताना मुलाला बरोबर जरूर आणा. फक्त खुर्चीवर बसल्यावर बोला मात्र तुम्ही.