बाई, घसा बसलाय

नमस्कार श्रोतेहो. मी नववीला मराठी शिकवते. प्रकट वाचनाची पाळी आली की आमच्या वर्गातला एक मुलगा उभा राहायचा आणि गळ्याला हात लावून म्हणायचा, "बाई, घसा बसलाय." जून गेला, जुलै गेला, घसा काही मोकळा होईना. एकदा मधल्या सुट्टीत त्याला शेजारी बसवलं. ओळीखाली बोट धरून तो हळूहळू वाचू लागला. 'प्रतिष्ठा' या शब्दापाशी बोट थांबलं, ते थांबलंच.

असा तो एकटा नाही. शाळकरी मुलांना कितपत लिहिता-वाचता येतं हे तपासणाऱ्या 'असर' या अहवालासाठी २०२३ साली २६ राज्यांतल्या ग्रामीण भागात १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची पाहणी झाली. त्यांतल्या जवळजवळ चौथाई जणांना आपल्याच भाषेतला दुसरीचा उतारा सलग वाचता आला नाही.

मग ही मुलं नववीपर्यंत येतात कशी? कृतिपत्रिकेतला, म्हणजे परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेतला, उतारा घ्या. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, ती ओळ उतरवून काढायची, गुण मिळतात. उतारा कशाबद्दल आहे हे कळलं नाही तरी चालतं. बाकीची उत्तरं आम्ही फळ्यावर लिहून देतो. हे मीही वर्षानुवर्षं केलंय. त्यात घरी अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी आधीच परकी. आणि चौदाव्या वर्षी चारचौघांत अडखळण्यासारखी दुसरी लाज नसते. वाचायचं टाळलं की सराव तुटतो, आणि सराव तुटला की पुढचं पान आणखी जड जातं.

पुस्तकं नसतात असं नाही. मी पूर्वी होते त्या शाळेत दोन कपाटं भरून होती, पण कुलपात. हरवलं तर भरपाई कोण देणार, ही धास्ती. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिनी ती उघडायची. एका मुलीचं पुस्तक अर्धं वाचून झालं होतं, तरी संध्याकाळी ते परत घेतलं. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

त्या मुलाकडे परत येते. बोलता बोलता कळलं की फवारणीच्या बाटलीवरची सूचना घरी तोच वडिलांना वाचून दाखवतो. "तिथं कसं जमतं रे?" "बाई, तिथं चुकलं तर पीक जळतं ना."

या उत्तरानं मी हलले. वर्गातला धडा त्याच्या कशाच्याच कामाचा नव्हता.

तेव्हापासून शनिवारचा एक तास आम्ही नुसता वाचायला ठेवला. पुस्तक ज्याचं त्यानं निवडायचं, घरी न्यायचं, नावडलं तर अर्ध्यात सोडायचं. खाली प्रश्न नाहीत. त्यानं 'किशोर'चा एक जुना अंक उचलला, विहिरीवरचा लेख होता म्हणून. तीन शनिवार तोच लेख. मी काही विचारलं नाही. फेब्रुवारीत त्यानं आपणहून हात वर केला आणि अर्धं पान वाचलं. दोनदा अडखळला, मागे जाऊन तो शब्द पुन्हा वाचला. वर्गात कुणी हसलं नाही.