शनिवार-रविवारची इटली: फ्लोरेन्स, पिसा, लुक्का

नमस्कार श्रोतेहो. म्युनिक, स्टुटगार्ट, व्हिएन्ना, मिलान इथे शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या डोक्यात पहिल्या सेमिस्टरपासून एक बेत घोळत असतो. शुक्रवारी लेक्चर संपलं की निघायचं, इटली पाहायची आणि सोमवारी सकाळी पुन्हा वर्गात हजर. आजचं बोलणं त्या बेताबद्दल आहे. घरून काळजी करणाऱ्या आईवडिलांनीही ऐकावं, म्हणजे फोनवर नेमकं काय विचारायचं ते कळेल.

बहुतेकांची पहिली यादी असते रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस. कागदावर ती जमते. वेगवान गाडीनं रोम ते फ्लोरेन्स दीड तास, तिथून व्हेनिस दोन तासांहून थोडं अधिक. पण प्रत्येक शहर बदलताना हॉस्टेल सोडायचं, सामान ठेवायला जागा शोधायची, स्टेशनवर आधी पोचायचं, नव्या शहरात पुन्हा तेच करायचं. एका बदलात अर्धा दिवस सहज जातो. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतात. व्हेनिसमध्ये २०२४ पासून वर्षातल्या ठरावीक दिवशी, फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेशशुल्क भरावं लागतं. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: दोन दिवसांसाठी मुक्काम एकच, फ्लोरेन्स. शनिवार तिथे घालवा आणि रविवारी पिसा व लुक्का करा. हा क्रम उलटा करू नका. फ्लोरेन्सचं कॅथेड्रल रविवारी प्रार्थनेसाठी असतं, पर्यटकांना आत सोडत नाहीत. पिसाचा मनोरा मात्र रविवारी उघडा असतो. आणि सोमवार जोडून सुट्टी घेणार असाल तर लक्षात ठेवा, उफिझी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात.

आधी कागदपत्रं. शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या देशाचं वैध रेसिडेन्स कार्ड किंवा दीर्घ मुदतीचा व्हिसा असेल तर इटलीसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. पण कार्डाबरोबर मूळ पासपोर्टही जवळ हवा, मोबाईलमधला फोटो चालत नाही. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे लंडन-मँचेस्टरहून येणाऱ्यांना शेंगेन व्हिसा काढावाच लागतो. काही स्वस्त विमान कंपन्या युरोपबाहेरच्या पासपोर्टवाल्यांची कागदपत्रं काउंटरवर तपासतात. ऑनलाइन चेक-इन झालं म्हणून थेट सिक्युरिटीच्या रांगेत जाऊ नका, बोर्डिंग पासवरची सूचना वाचा.

बुकिंगचा क्रमही ठरलेला असावा. सगळ्यात आधी फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलवरच्या, ब्रुनेलेस्कीनं बांधलेल्या घुमटाची वेळ, मग पिसाच्या मनोऱ्याची, मग उफिझीची आणि त्यानंतर गाड्या व हॉस्टेल. लोक नेमकं उलट करतात. बस स्वस्त मिळाली म्हणून तिकीट काढतात आणि मग घुमटाच्या सगळ्या वेळा संपलेल्या असतात. घुमटाचा एकत्रित पास साधारण ३० युरोंना मिळतो. तो तीन दिवस चालतो आणि त्यात बाजूचा जोत्तोचा घंटामनोरा, बाप्तिस्मागृह आणि कॅथेड्रलचं संग्रहालयही येतं. घुमटाची वेळ पक्की असते. ती चुकली की गेली, पैसे परत नाहीत. घुमट मिळालाच नाही तर घंटामनोरा घ्या. त्याच्या ४१४ पायऱ्या आहेत आणि वरून खुद्द घुमट समोर दिसतो.

सवलतीच्या तिकिटाची एक फसगत दरवर्षी होते. सरकारी संग्रहालयांत १८ ते २५ वयाच्या तरुणांना २ युरोंचं तिकीट आहे, पण ते युरोपीय संघाच्या नागरिकांना. तुमच्याकडे रेसिडेन्स कार्ड असलं तरी तुम्ही तिथले नागरिक नाही, त्यामुळे दारावर उरलेले पैसे भरावे लागतात. याउलट वास्तुकला, पुरातत्त्व, कलाइतिहास किंवा वारसा-जतन हे विषय युरोपीय संघातल्या विद्यापीठात शिकत असाल तर या संग्रहालयांत मोफत प्रवेशाची तरतूद आहे. चालू वर्षाच्या प्रवेशाचं प्रमाणपत्र छापून जवळ ठेवा. आपल्याकडची कितीतरी मुलं मिलानला आर्किटेक्चर करतात आणि ही सवलत न मागताच पूर्ण पैसे मोजतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी ही संग्रहालयं सगळ्यांनाच मोफत असतात, पण रांग इतकी लांबते की दोनच दिवस हाती असणाऱ्यांनी तो दिवस टाळलेला बरा.

आता पोचण्याचं. रात्रीच्या लांब पल्ल्याच्या बस बऱ्याचदा फ्लोरेन्सच्या आत न येता महामार्गालगतच्या व्हिला कोस्तान्झा या थांब्यावर सोडतात. तिकिटावर फ्लोरेन्स लिहिलेलं असतं आणि उतरल्यावर समोर पार्किंग दिसतं, म्हणून गोंधळ होतो. घाबरू नका. तिथूनच टी-१ ट्राम सुटते आणि वीस-पंचवीस मिनिटांत सांता मारिया नोव्हेल्ला या मुख्य स्टेशनवर आणते.

या ट्रामच्या वाटेवर, आर्नो नदी ओलांडली की कॅशिने नावाचा थांबा येतो. सकाळी सहा-सातला पोचला असाल, पाठीवर एकच हलकी सॅक असेल आणि उजाडलेलं असेल तर इथे उतरा. शहरातली दारं उघडायला अजून वेळ असतो. कॅशिने हे नदीकाठचं लांबलचक उद्यान आहे. नदी डाव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे चालत राहिलात की पाऊण तासाच्या आत उद्यानाचं टोक येतं. तिथे मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो आणि त्या संगमावर कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे दुसरे राजाराम, यांचं स्मारक उभं आहे.

महाराज १८७० साली इंग्लंडला गेले होते. परतीच्या वाटेवर फ्लोरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथेच वारले. वय अवघं विशीचं. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. दहनाची चाल त्या शहरात नव्हती. तरी खास परवानगी मिळाली आणि आपल्या रीतीप्रमाणे दोन प्रवाहांच्या संगमावर अग्निसंस्कार झाला. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभारली. घुमटीखाली महाराजांचा अर्धपुतळा आहे, डोक्याला फेटा, अंगावर दागिने, रंगांसकट घडवलेला. फ्लोरेन्सचे लोक या जागेला 'इंदियानो' म्हणतात आणि जवळच्या महामार्गाच्या पुलाचं नावही त्यावरूनच पडलं आहे. फ्लोरेन्सला जाणाऱ्या मराठी मुलामुलींनी इथे जायला हवं असं आम्हाला मनापासून वाटतं. तिकीट नाही, रांग नाही. फक्त अंधार पडल्यावर या उद्यानात एकट्यानं फिरू नका.

परत त्याच ट्रामनं स्टेशन. सॅक हॉस्टेलवर टाकायची. खोली दुपारनंतर मिळते, पण सामान बहुतेक ठिकाणी आधी ठेवून घेतात. दर रात्रीमागे शहराचा पर्यटक-कर वेगळा, तो तिथेच भरायचा असतो.

आता घुमट. कॅथेड्रलचं काम १२९६ मध्ये सुरू झालं. सव्वाशे वर्षांनी भिंती झाल्या, त्यावर अष्टकोनी कडं चढलं, पण वर सुमारे ४५ मीटर रुंदीची मोकळी जागा उघडीच राहिली होती. एवढ्या उंचीवर जमिनीपासून लाकडी सेंट्रिंग उभारायचं तर पुरेसं लाकूड आणायचं कुठून हाच प्रश्न होता. फिलिप्पो ब्रुनेलेस्की हा मूळचा सोनार. त्यानं जमिनीपासूनच्या सेंट्रिंगशिवाय बांधायचं ठरवलं. काम १४२० ला सुरू झालं आणि १४३६ ला घुमट पुरा झाला. चाळीस लाखांवर विटा लागल्या. एकात एक असे दोन घुमट आहेत आणि जिना त्या दोहोंच्या मधून जातो. चढताना भिंतीकडे नीट पाहा. विटांच्या आडव्या थरांत ठरावीक अंतरानं एक वीट उभी लावलेली दिसेल. वर जाताना थर आतल्या बाजूला कलत जातो आणि ओल्या चुन्यावरची आडवी वीट घसरू पाहते. उभ्या विटा तिला दोन्हीकडून अडवून धरतात. एक कडं पूर्ण झालं की ते स्वतःच घट्ट बसतं, मग त्यावर पुढचं. सिव्हिलच्या विद्यार्थ्यांना वर्गात तासभर समजावूनही कळणार नाही ते इथे हातभर अंतरावर दिसतं.

पायऱ्या ४६३, लिफ्ट नाही. वाट अरुंद आहे, काही ठिकाणी चढणारे-उतरणारे समोरासमोर येतात. दम्याचा, हृदयाचा किंवा कोंडल्या जागेच्या भीतीचा त्रास असेल तर जाऊ नका, मधूनच परत फिरणं सोपं नसतं. सॅक आत नेऊ देत नाहीत. चौकात सामान ठेवण्याची सोय आहे, तिथल्या रांगेसाठी वीस मिनिटं हाताशी ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. चढायचं दार कॅथेड्रलच्या उत्तर बाजूला आहे. मुख्य दर्शनी दारापुढच्या रांगेत उभं राहून वेळ गमावणारे रोज दिसतात.

दुपारी उफिझी. तिकीट साधारण २५ युरो आणि बुकिंगचे ४. दोन-अडीच तासांत सगळं होत नाही, तो हट्ट सोडा. सरळ वरच्या मजल्यावर बोत्तिचेल्लीची दालनं, लिओनार्दोचं 'घोषणा' हे चित्र, मायकेलअँजेलोचं गोल चित्र, आणि खाली उतरताना काराव्हाज्जोची मेदुसा. 'डेव्हिड'चा मूळ पुतळा अकादेमियात आहे, पाच मीटरांहून उंच. दोन्ही संग्रहालयं एका दुपारी घेऊ नका. सिन्योरिया चौकात १९१० पासून त्याची प्रतिकृती उभी आहे, दोन दिवसांच्या सहलीत तीवर भागवा. त्याच चौकात पालिकेचा पिण्याच्या पाण्याचा नळ आहे, बाटली भरून घ्या. रस्त्यावर पसरलेल्या चित्रांवर पाय पडू देऊ नका, भरपाई मागायला माणूस लगेच उभा राहतो. तसंच स्टेशनवरच्या तिकीट मशीनपाशी 'मदत' करणाऱ्यांपासून पाकीट सांभाळा.

खाण्याबद्दल. फ्लोरेन्सच्या गाड्यांवर प्रसिद्ध असलेलं लाम्प्रेदोत्तो म्हणजे गाईच्या पोटाचा भाग, हे माहीत असू द्या. स्कियाच्चाता ही चपटी पोळी चीज आणि भाजलेल्या भाज्या घालून मिळते. रिबोल्लिता हे पाव, घेवडा आणि पालेभाजीचं दाट सार असतं, पण रस्सा मांसाचा आहे का ते विचारा. कडक शाकाहारी असाल तर पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं द्रव्य, असतं. कॉफी काउंटरवर उभ्यानं प्यायली तर स्वस्त पडते. टेबलावर बसलात की बिलात 'कोपेर्तो' नावाचा माणशी आकार लागतो, ती फसवणूक नव्हे.

रविवारी सकाळी लवकर पिसाची रीजनल गाडी पकडा. तास लागतो, भाडं दहा युरोंच्या आसपास. या तिकिटावर सीट ठरलेली नसते. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून छाप उमटवा. छाप नसलेलं तिकीट दाखवलं तर दंड होतो, आणि पर्यटक आहोत हे कारण चालत नाही. मोबाईलवरच्या तिकिटाचे नियम वेगळे, ते त्यावरच लिहिलेले असतात. बोर्डावर 'पार्तेन्झे' म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, 'बिनारियो' म्हणजे फलाट, 'सोप्रेस्सो' म्हणजे गाडी रद्द. 'शोपेरो' म्हणजे संप. संपात कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ रीजनल गाड्यांची हमी असते, रविवारी ती नसते. म्हणून निघण्याच्या आठवड्यात संपाच्या तारखा पाहून ठेवा.

पिसा सेंत्राले स्टेशनपासून मनोरा चालत पंचवीस मिनिटांवर आहे. ११७३ मध्ये काम सुरू झालं आणि तिसरा मजला होईपर्यंत दक्षिणेकडची मऊ माती दबू लागली. मग लढायांमुळे जवळजवळ शतकभर काम थांबलं. त्या काळात माती घट्ट झाली, नाहीतर मनोरा तेव्हाच कोसळला असता. १९९० मध्ये तो बंद केला. उत्तरेकडच्या पायाखालून थोडी थोडी माती काढली, झुकाव सुमारे ४५ सेंटिमीटरनं कमी झाला आणि २००१ मध्ये पुन्हा उघडला. आज तो जवळपास चार अंशांत कललेला आहे. चढताना पायऱ्यांची झीज एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सरकते, कारण माणसं कलाकडे झुकून पाय टाकतात. इथेही सॅक बाहेर. बाजूच्या बाप्तिस्मागृहात अधूनमधून तिथला कर्मचारी काही सूर गातो आणि घुमटात ते एकमेकांवर चढतात. ते सोडू नका.

जेवायला पिसाची चेचिना घ्या. चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, भट्टीत भाजलेलं. आपल्या बेसनाच्या धिरड्याची जाड बहीणच. पूर्ण शाकाहारी आणि खिशाला परवडणारी.

लुक्काला जाताना सेंत्रालेला परतू नका. मनोऱ्याजवळच्या सान रोस्सोरे या छोट्या स्टेशनवरून गाडी मिळते, अर्ध्या तासात लुक्का. गावाभोवती चार किलोमीटरांचा अखंड तट आहे, वर झाडं आणि रुंद रस्ता. भाड्याची सायकल घेऊन एक फेरी मारा. आत रोमन रंगमंडलाच्या पायावर घरं उभी राहिल्यानं झालेला लंबगोल चौक पाहा. एवढं दोन-तीन तासांत होतं. लुक्काहून फ्लोरेन्सला परतायला सुमारे एक तास वीस मिनिटं लागतात. विमान पिसाहून असेल तर आधी लुक्का, मग पिसा करा, म्हणजे शेवटी पिसा सेंत्रालेहून विमानतळ पाचच मिनिटांवर राहील.

रात्रीची बस व्हिला कोस्तान्झाहून असेल तर स्टेशनवरून तासभर आधी ट्राम धरा. रविवारी रात्री ट्राम कमी असतात. ऑस्ट्रियामार्गे जर्मनीला जाणाऱ्या बस सीमेवर थांबवून पोलिस कागदपत्रं पाहतात, बऱ्याचदा पहाटे. पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड बसच्या पोटातल्या बॅगेत ठेवू नका, जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा आणि मगच झोपा.