१६ काडतुसांचा हिशेब

नमस्कार मंडळी.

'डूम इटर्नल' हा राक्षस मारायचा व्हिडिओ गेम खेळायला बसलं की सुरुवातीच्या लेव्हल्समध्ये शॉटगनसाठी फक्त १६ काडतुसं जवळ बाळगता येतात. पुढे अपग्रेड मिळतात, आकडा थोडा वाढतो. पण सुपर शॉटगन, म्हणजे आपली दुनळी, एका बाराला दोन काडतुसं खाते. १६ काडतुसं म्हणजे आठ बार. समोर राक्षसांची झुंड, आणि हातात आठ बार. या गेमवर माझं जे प्रेम आहे आणि जो राग आहे, ते दोन्ही या आठ बारांतून सुरू होतं. आज मी तेवढंच सांगणार आहे.

आधी थोडं मागचं. पहिला 'डूम' १० डिसेंबर १९९३ चा, टेक्सासच्या आयडी सॉफ्टवेअरचा. त्याचा पहिला भाग, नऊ लेव्हल्सचा, फुकट वाटला गेला होता. आमच्याकडे तो फ्लॉपीवरून आला. सांगलीला आतेभावाच्या घरी एकच कॉम्प्युटर होता, आम्ही चौघं आळीपाळीने बसायचो. त्या गेममध्ये थांबून आडोसा घ्यायची पद्धतच नव्हती. पळत राहायचं, आणि राक्षसाने फेकलेला आगीचा गोळा डोळ्यांनी दिसायचा, म्हणून बाजूला सरकून चुकवायचा. वेग हाच बचाव. वर्षभरात 'डूम २' आला. त्याने किती बदल केला? नवं हत्यार एकच, ही दुनळी. पण राक्षस भरपूर नवे, आणि त्यातला आर्चव्हाइल तर मेलेल्यांना परत उठवणारा. आधीच्या खेळाची चाल न मोडता तो फक्त दाट केला. पुढच्या भागाकडून अपेक्षा ठेवायची ती अशी, हे तेव्हापासून माझ्या मनात पक्कं बसलं. २००४ चा 'डूम ३' अंधारा आणि संथ होता, त्याचं नाव पुढे आलं की आमच्यात अजून वाद होतात. तो आज बाजूला ठेवतो.

मग मे २०१६. नुसतं 'डूम' या नावाने नवा गेम आला. ह्यूगो मार्टिन आणि मार्टी स्ट्रॅटन यांच्या नेतृत्वाखाली झालेला. पहिल्या काही मिनिटांतच कोणीतरी पडद्यावरून आपल्याला परिस्थिती समजावून सांगायला लागतं, आणि आपला नायक तो मॉनिटर धरून भिरकावून देतो. एक शब्द न बोलता कळतं, हा माणूस ऐकायला आलेला नाही. पुढे सॅम्युअल हेडन हे गेममधलं पात्र सांगतं की तिथली यंत्रं जपून काढ, मोलाची आहेत. नायक ती लाथेने फोडतो. गोष्ट अशी हातवाऱ्यांतून सांगितलेली. आणि मिक गॉर्डनचं संगीत! लढाई पेटली की थर चढत जातात, ओसरली की उतरतात. मी तबला शिकलेला माणूस आहे, त्यामुळे कान आधी तिथे जातो. लढताना माझे हात त्या ठेक्यावर चालत होते.

तो सगळा गेम मी जवळजवळ दुनळीवर काढला. हे मला आवडत होतं. माझ्यासारखे पुष्कळ होते, आणि बनवणाऱ्यांना तेच खटकलं. एकच बंदूक धरून माणूस शेवटापर्यंत जातो, म्हणजे बाकीच्या हत्यारांवर घेतलेली मेहनत त्याच्यापर्यंत पोचतच नाही. मार्टिन त्यावर वारंवार बोलले आहेत. त्यांचा शब्द 'फन झोन'. खेळणाऱ्याला त्या मजेच्या पट्ट्यात ढकलायचं.

म्हणून त्याच्या पुढच्या भागात, इटर्नलमध्ये, काडतुसं कमी केली. संपली की चेनसॉने एका लहान राक्षसाला कापायचं, मग गोळ्या मिळतात. हेल्थ हवी तर ग्लोरी किल, म्हणजे घायाळ राक्षसाला अगदी जवळ जाऊन संपवायचं. आर्मर हवं तर राक्षसांना खांद्यावरच्या ज्वाळेने पेटवायचं. कॅकोडेमॉन नावाच्या राक्षसाच्या तोंडात ग्रेनेड टाकायचा. अरॅक्नोट्रॉन या दुसऱ्या राक्षसाच्या पाठीवरची तोफ आधी उडवायची. दोन डॅश, म्हणजे झटक्यात सरकणं, दुनळीला लावलेला हुक, त्याने राक्षसाला पकडून त्याच्याकडेच झेपावायचं. एका मिनिटात इतके निर्णय दुसऱ्या कुठल्या शूटरने माझ्याकडून घेतलेले नाहीत.

तबल्यात कायदा असतो. त्यातले बोल ठरलेले, पलटे करायचे ते त्याच बोलांतून, बाहेरचं अक्षर आणायचं नाही. पहिले सहा महिने जाचतं. मग एक दिवस हात मोकळा होतो. इटर्नलचं माझं तसंच झालं. 'सुपर गोर नेस्ट' ही लेव्हल मी तीनदा सोडून उठलो. चौथ्या वेळी बंदुका बोटांखाली आपोआप बदलायला लागल्या, काय घडतंय हे डोक्याला उशिरा कळत होतं, आणि मी लढाई संपल्यावर खुर्चीत तसाच बसून राहिलो. इतका निर्भेळ आनंद मला पडद्यासमोर क्वचित झाला आहे.

पण कायदा वाजवल्यावर वादक दुसरं काही वाजवू शकतो. इटर्नल ती मुभा देत नाही. मरॉडर हा राक्षस बघा. ढाल आणि कुऱ्हाड घेतलेला. जवळ गेलात तर त्याच्याही हातात दुनळी, लांब राहिलात तर तो कुऱ्हाडीचा वार फेकणार. मधलं अंतर राखायचं, त्याचे डोळे हिरवे चमकले की त्या क्षणी मारायचं. बीएफजी ही गेममधली सगळ्यात जबर बंदूकसुद्धा त्याच्या ढालीपुढे चालत नाही. ज्या खेळाने मला पळायला शिकवलं, तो मला इथे उभं राहून वाट बघायला लावतो. जांभळ्या चिखलाचे भागही तसेच. तिथे उडी नाही, डॅश नाही. वेगवान खेळातून वेग काढून घेतला की शिल्लक काय राहतं?

आणि गोष्ट. मॉनिटर फेकून देणाऱ्या माणसाला त्यांनी राजे, पुरोहित, स्वर्गीय जमाती आणि पानंच्या पानं इतिहास दिला. वाचायचं तिथे मी सगळं वाचलं, मनापासून वाचलं. पण त्याचं गप्प असणं मला जास्त सांगत होतं.

मे २०२५ मध्ये 'डूम: द डार्क एजेस' आला. बनवणाऱ्यांनी स्वतःच सांगितलं, इटर्नलमध्ये तुम्ही लढाऊ विमान होता, इथे रणगाडा आहात. हातात ढाल, जमिनीवर पाय रोवून वार परतवायचे. शिवाय गेमचा वेग, वार परतवण्याची मुदत, हे सगळं खेळणाऱ्याने स्वतः कमीजास्त करायचं. इटर्नलबद्दल पाच वर्षं मी जे जे म्हणत होतो, ते जवळजवळ सगळं त्यात होतं. पहिल्या रात्री मी चार तास खेळलो. समोरून गोळे यायला लागले की माझं बोट त्या जुन्या डॅशच्या बटनावर जायचं. चारही तास जात राहिलं.