डॉर्म बंद होते तेव्हा : डिसेंबरच्या सुट्टीत अमेरिकेत मागे राहणाऱ्यांसाठी

अमेरिकेला शिकायला निघालेल्या मुलांच्या घरी कुकर, मसाले, थर्मल कपडे यांवर भरपूर बोलणं होतं. पहिल्या डिसेंबरात राहायचं कुठे, हे कुणी विचारत नाही. परीक्षा डिसेंबरच्या मध्याला संपतात, बहुतेक ठिकाणी नवं सत्र जानेवारीच्या मध्याला सुरू होतं. या दिवसांत भारताची तिकिटं महागलेली असतात, म्हणून आपली पुष्कळ मुलं तिथेच थांबतात. थांबणार असाल तर सोय थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या आधी लावा. नंतर परीक्षा अंगावर येते, आणि ती संपते तोवर ऑफिसं बंद व्हायला लागलेली असतात.

बऱ्याच विद्यापीठांत पदवीच्या मुलांच्या डॉर्म (वसतिगृहं) शेवटच्या परीक्षेनंतर बंद होतात. दाराचं कार्डही मग चालत नाही. काही इमारती उघड्या ठेवतात, पण तिथे आधी नाव नोंदवावं लागतं आणि बऱ्याचदा वेगळे पैसे पडतात. नोंदवताना तीन गोष्टी विचारून घ्या : माझी खोली तीच राहील का, स्वयंपाकघर वापरता येईल का, मेस कोणत्या तारखेपर्यंत आहे. मेस जवळपास सगळीकडेच बंद होते. दुसरी वाट म्हणजे सुट्टीला घरी जाणाऱ्या एखाद्याचं अपार्टमेंट महिनाभर घेणं. त्यात घरमालकाची लेखी परवानगी हवीच. मूळ करारात पोटभाडेकरूला मनाई असेल तर मालक तुम्हाला बाहेर काढू शकतो. जागा न पाहता, ओळख नसताना आगाऊ पैसे पाठवू नका. फसवणूक होते ती इथेच.

आता थंडी. इथे जरा थांबतो, कारण नुकसान होतं ते या ठिकाणी. वीजबिल वाचवायला मुलं हीटिंग बंद करून चार दिवस मित्राकडे जातात. भिंतीतल्या पाइपातलं पाणी गोठतं, गोठताना फुगतं आणि पाइप फुटतो. बर्फ वितळला की घरभर पाणी होतं आणि खर्चाचा वाद मालकाशी सुरू होतो. म्हणून बाहेर जातानाही थर्मोस्टॅट (हीटिंगचं तापमान ठरवणारं बटण) ५५ फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १३ सेल्सिअसच्या खाली आणू नका. कडाक्याची थंडी असेल त्या रात्री बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा, म्हणजे खोलीतली ऊब पाइपापर्यंत पोचते. नळ बारीक धारेने सोडून ठेवा. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, तो कसा फिरतो, हे पहिल्याच आठवड्यात मालकाला विचारून स्वतः हाताने फिरवून बघा.

आणि हीटिंग बिघडलं म्हणून गॅसचा ओव्हन उघडा ठेवून कधीही शेकत बसू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघू शकतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, आणि झोपेतच माणूस जातो. या वायूचा अलार्म वाजला तर खिडकी उघडत बसायचं नाही. सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि ९११ हा तिथला आपत्कालीन नंबर लावायचा.

बाहेर पडताना तापमानाबरोबर वारा बघा. उणे १८ सेल्सिअसला ताशी २४ किलोमीटर वारा असेल तर अंगाला उणे २८ जाणवतं आणि उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. आतून सुती बनियन नको. घामाने ओला झाला की तो अंग गार करतो.

२५ डिसेंबरला बहुतेक मोठी दुकानं बंद असतात. बस नसतात किंवा सुट्टीच्या वेळापत्रकाने धावतात, आणि कॅम्पसची बस तर आठवडे बंद राहते. तांदूळ, डाळ, कणीक, दूध आणि चालू असलेली औषधं २३ तारखेपर्यंत घरात हवीत. विद्यापीठाचा दवाखाना बंद असतो. आपला विमा जवळच्या कोणत्या अर्जंट केअरमध्ये (वेळ न घेता जाता येणाऱ्या दवाखान्यात) चालतो, ते आधीच लिहून ठेवा. किरकोळ तापासाठी इमर्जन्सी रूम गाठली तर बिल डोळे पांढरे करतं.

कागदांचं थोडक्यात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर या सुट्टीत कॅम्पसवरचं काम आठवड्याला २० तासांहून जास्त करता येतं, पण बाहेरच्या दुकानात रोखीने केलेलं काम व्हिसा घालवू शकतं. देशाबाहेर जाणार असाल तर आय-२०च्या, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या कागदाच्या, दुसऱ्या पानावरची प्रवासाची सही वर्षाच्या आतली हवी. नायगाराला गेलात आणि पलीकडची बाजू बघावीशी वाटली, तर भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा लागतो.

अनेक विद्यापीठांची आंतरराष्ट्रीय कचेरी स्थानिक कुटुंबाकडे जेवणाची सोय करते. नावनोंदणी लवकर संपते. जेवायला जाताना नुसतं ‘शाकाहारी’ म्हणू नका. मासे, चिकनचं पाणी, जिलेटिन चालत नाही, असं नावं घेऊन दोन दिवस आधी कळवा. यजमानांना त्याचं वाईट वाटत नाही, उलट सोपं जातं.

पालकांना एक विनंती. बोस्टनला २१ डिसेंबरला सूर्य सव्वाचारला मावळतो, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे पावणेतीन वाजलेले असतात. म्हणजे मुलाला अंधार खायला उठतो त्या वेळी घर झोपलेलं. त्यापेक्षा आपल्या संध्याकाळी साडेसहाला फोन करा. तिथे सकाळचे आठ वाजलेले असतात; बोलून झालं की त्याला दुपारच्या उजेडात तासभर चालून यायला सांगा. संध्याकाळ मात्र त्याने तिथल्याच कुणाबरोबर काढायला हवी. कोण कोण मागे राहतंय याची यादी परीक्षेआधी करा आणि रोज एकाच्या स्वयंपाकघरात एकत्र भात लावा.