उतारा कोणत्या कपाटात?

सीटी स्कॅनच्या पडद्यावर करड्या मेंदूत एक पांढरा डाग दिसतोय. हे ताजं रक्त. शेजारी उभ्या असलेल्या मुलीने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. वॉरफॅरिन. हृदयात गुठळी होऊ नये म्हणून वडील रोज घेत होते. आता त्याच गोळीमुळे रक्त गोठत नाहीये आणि डाग वाढण्याची भीती आहे.

उतारा आहे. व्हिटॅमिन के शिरेतून द्यायचं, पण त्याचा परिणाम व्हायला काही तास जातात. म्हणून रक्त गोठवणारे घटक बाहेरून द्यावे लागतात. जुनी सवय प्लाझ्माची, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवाची. किलोमागे 20 मिलिलिटर धरले, तर 70 किलोच्या माणसाला 1400 मिलिलिटर! रक्तगट बघा, गोठलेल्या पिशव्या वितळवा, मग एवढं सगळं शिरेत सोडा.

दुसरा पर्याय पीसीसी (प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स कॉन्सन्ट्रेट). त्यात प्लाझ्मातले नेमके हवे ते घटक एकवटून पावडर केलेली असते. किलोमागे 30 युनिट, म्हणजे त्याच माणसाला 500 युनिटच्या चार-पाच कुप्या. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंच’ चाचणीत तीन तासांत आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा; जितका जास्त, तितकं रक्त उशिरा गोठतं) 1.2 किंवा त्याखाली आला तो पीसीसी घेतलेल्या 67 टक्के रुग्णांचा. प्लाझ्मा घेतलेल्यांत फक्त 9 टक्के. चाचणी लहान होती, पण फरक डोळ्यांत भरतो.

मग उशीर होतो कुठे? बहुतेकदा हेलपाट्यांत. रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत जातो, रिपोर्टची वाट पाहिली जाते, वरिष्ठांना फोन लागत नाही, कुप्या दुसऱ्या मजल्यावरच्या औषधभांडारात. खरं तर बोटातल्या एका थेंबावर आयएनआर सांगणारं यंत्र खाटेशीच ठेवता येतं. कुप्या इमर्जन्सीच्याच कपाटात. डोस आधीच लिहून ठेवलेला. यात नवा शोध कसला, कपाट तेवढं हलवायचंय!

मेंदूत रक्तस्राव झालेल्यांवरच्या 2023 च्या ‘इंटरॅक्ट-3’ चाचणीत लक्ष्य होतं एका तासाचं: आयएनआर 1.5 च्या खाली, वरचा रक्तदाब 140 च्या खाली, सोबत साखर आणि तापावर ताबा. सहा महिन्यांनी या रुग्णांची स्थिती इतरांपेक्षा बरी होती.

गोळी वॉरफॅरिनऐवजी डॅबिगॅट्रान, म्हणजे गुठळी रोखणारी दुसरी गोळी असेल तर उतारा वेगळा: इडारुसिझुमॅब, 5 ग्रॅम. म्हणून दारातच विचारायचं, कोणती गोळी, शेवटची कधी घेतली?

सिस्टर कुपी जोरात हलवत नाहीत, फेस होतो. अलगद गोल फिरवतात. पावडर विरघळते. दुसरी कुपी. तिसरी. मुलीच्या हातात पट्टी अजून तशीच आहे.