निगेटिव्हमध्ये नसलेला रंग

रसिक मित्रहो,

आपल्याकडे जीर्णोद्धार हा शब्द उच्चारला की पहिल्यांदा देऊळ आठवते, आणि देवळांचे पुढे काय होते हे आपण कोकणात, घाटावर सर्वत्र पाहिलेले आहे. गावकरी वर्गणी काढतात, मनापासून राबतात आणि काळ्या पाषाणाच्या मंडपाला ऑइलपेंट फासतात. खांबावरची वेलबुट्टी त्या रंगाखाली बुजते, आणि देऊळ नवे झाल्याचे समाधान गावाला मिळते. जुन्या रंगीत चित्रपटांवर काम करताना मला हे मंडप वारंवार आठवतात, कारण आमच्या हातून होणारी चूकही याच जातीची असते. ती प्रेमापोटी होते, आणि म्हणूनच ती वेळेवर ध्यानात येत नाही.

आजच्या व्याख्यानात मला एकाच प्रश्नाविषयी बोलायचे आहे: जुन्या चित्रपटाचा योग्य रंग कोणता, आणि तो आपण कुठे शोधायचा? बहुतेकांचे उत्तर तयार असते. मूळ कॅमेरा निगेटिव्ह मिळवावी, उत्तम स्कॅनरवर ४के स्कॅन करावे, की रंग आपोआप हाती येईल, असे त्यांना वाटते. निगेटिव्ह मिळणे हे भाग्यच आहे, यात शंका नाही. पण रंग तिच्यात पूर्ण झालेला नसतो. ईस्टमन कोडॅकने १९५० साली बाजारात आणलेल्या रंगीत निगेटिव्हमध्ये एकाच पट्टीवर तीन संवेदनशील थर असतात, आणि डेव्हलपिंगमध्ये त्यांत पिवळा, मॅजेंटा (जांभळट गुलाबी) आणि सायन (हिरवट निळा) हे रंग तयार होतात. वर सगळ्यावर एक नारिंगी छटा मुद्दाम ठेवलेली असते, कारण रंगद्रव्यांमधले दोष प्रिंट काढताना तिच्यामुळे भरून निघतात. म्हणजे ही पट्टी माणसाने डोळ्यांनी पाहावी म्हणून बनवलेलीच नव्हती. ती प्रिंटिंग मशीनसाठी बनवलेली होती.

त्या मशीनवर लाल, हिरवा आणि निळा असे तीन प्रकाश असत, आणि प्रत्येकाची तीव्रता साधारण एक ते पन्नास या पॉइंटांच्या पट्टीवर ठरवली जाई. प्रत्येक शॉटसाठी हे तीन आकडे ठरवणारा माणूस म्हणजे लॅबमधला ग्रेडर. सकाळी घेतलेला शॉट आणि ढग आल्यावर घेतलेला शॉट एकाच प्रसंगात शेजारी बसवायचे, नायिकेचा चेहरा पाच शॉटमध्ये एकसारखा ठेवायचा, संध्याकाळ किती तांबूस करायची हे कॅमेरामनच्या सांगण्यावरून ठरवायचे, हे सारे तो त्या तीन आकड्यांतून साधत असे. एका पॉइंटचा फरक सामान्य प्रेक्षकाला जाणवणारही नाही, पण सराईत ग्रेडर तो पडद्यावर पाहताक्षणी सांगत असे. आपण ज्याला चित्रपटाचा रंग म्हणतो तो या निर्णयांचा मिळून बनलेला आहे, आणि ते निर्णय निगेटिव्हवर कुठेही उमटलेले नसतात.

याचा धडा मला फार लवकर मिळाला. सुरुवातीच्या काळात एका चित्रपटाचे रीळ माझ्याकडे आले, त्यात नायिका शेताच्या बांधावरून चालत येते असा प्रसंग होता. आम्ही तेव्हा आवाजाशिवाय, फक्त चित्रावर काम करत होतो. शॉट थोडा काळवंडलेला वाटला म्हणून मी तो उजळला, आकाशाला निळाई दिली, गवताला हिरवेपणा दिला, आणि छान दुपार तयार केली. निवृत्त झालेले एक ज्येष्ठ ग्रेडर ते पाहायला आले होते. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “अहो, दुपारच्या उन्हात ती हातात कंदील कशाला घेऊन निघालीय?” कंदील मीही पाहिला होता, पण त्याचा अर्थ मला लागला नव्हता. तो प्रसंग रात्रीचा होता. दिवसा, कमी एक्स्पोजर देऊन चित्रित करायचे आणि प्रिंट काढताना काळोख व निळसरपणा आणून रात्र करायची, ही त्या काळची सर्रास पद्धत होती. निगेटिव्हमध्ये दुपारच होती आणि मी निगेटिव्हशी तंतोतंत प्रामाणिक राहिलो होतो.

काळाने केलेली हानी हा पुढचा भाग. जुन्या ईस्टमनकलर प्रिंट गुलाबी पडलेल्या आपण पाहिल्या असतील. अंधाऱ्या डब्यात बंद असतानाही त्यांतला सायन हळूहळू नाहीसा होतो, काही अंशी पिवळाही जातो, आणि मॅजेंटा तेवढा मागे उरतो. मुंबईची उष्ण आणि दमट हवा या क्रियेला वेगच देते. पुष्कळांना वाटते की जेवढा सायन गेला तेवढा संगणकावर परत घातला की काम झाले. तसे होत नाही, कारण रंग सर्वत्र एकाच प्रमाणात उडालेला नसतो. सावल्या सुधारल्या की उजळ भाग हिरवा पडतो, उजळ भाग सावरला की केसांत आणि काळ्या कोटात लाल छटा शिरते. रिळाच्या कडेला आणि मध्यभागीही फरक आढळतो. जिथे एखादा थर जवळजवळ पुसलाच गेला आहे तिथे उरलेल्या माहितीवरून अंदाज बांधावा लागतो, आणि तो अंदाज आहे हे मान्य करावे लागते.

प्रत्येक पद्धतीचा स्वतःचा एक रंगस्वभाव असतो, हेही लक्षात ठेवावे लागते. प्रभातच्या ‘सैरंध्री’साठी १९३३ साली शांतारामबापूंनी जर्मनीपर्यंत धडपड केली, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. १९३७ सालचा ‘किसान कन्या’ सिनेकलर पद्धतीचा होता, आणि त्या पद्धतीत दोनच रंगांवर सारा संसार चालवावा लागे. अशा चित्रपटातले झाड आजच्या झाडासारखे हिरवेगार करणे म्हणजे पाषाणाला ऑइलपेंट देणेच आहे. ‘मदर इंडिया’चे उदाहरण याहून विचार करायला लावणारे आहे. १९५७ सालचा हा चित्रपट गेवाकलर या रंगीत फिल्मवर चित्रित झाला आणि त्याच्या प्रिंट टेक्निकलरने काढल्या. टेक्निकलरच्या त्या पद्धतीत तीन रंग एकामागून एक छापखान्यातल्यासारखे प्रिंटवर उतरवले जात, त्यामुळे रंग दाट येत आणि टिकतही फार चांगले. आता निगेटिव्हवरून काम करणाऱ्याने गेवाकलरचा मवाळ स्वभाव जपावा, की टेक्निकलर प्रिंटचा दाट लाल? माझे मत स्पष्ट आहे. प्रेक्षकांनी थिएटरात जे पाहिले आणि दिग्दर्शकाने ज्याला मान्यता दिली ते प्रिंटवर होते, म्हणून प्रिंटचा शब्द अखेरचा मानावा.

आता पांढऱ्या रंगाविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण परदेशी पुस्तकांतून शिकलेला माणूस आपल्याकडे इथेच अडखळतो. रंग जुळवताना चित्रात पांढरी वस्तू शोधावी आणि ती कोणत्याही छटेविना पांढरी करावी, बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात, असा सर्वसाधारण नियम आहे. पण आपल्या घराघरांत पांढरे कपडे धुतल्यावर त्यांना नीळ देत असत. सदरा, धोतर, टोपी, सगळ्यांत एक पुसटशी निळाई असे, आणि तिलाच आपण स्वच्छ पांढरे म्हणत होतो. स्टुडिओत याच्या उलट चाले. प्रखर दिव्यांखाली शुभ्र कापड इतके भगभगे की त्याच्या चुण्याही दिसत नसत, म्हणून कॅमेरामन पांढरे कपडे चहाच्या पाण्यातून काढून घ्यायला सांगत. एका चित्रपटात मला हे दोन्ही एकाच चौकटीत भेटले: नायकाचा सदरा चहाचा, आणि मागे उभ्या गावकऱ्यांची धोतरे त्यांच्या घरची, नीळ दिलेली. सदरा पांढरा केला की माणसांचे चेहरे निस्तेज, थंड पडत. धोतरे पांढरी केली की तेच चेहरे कावीळ झाल्यासारखे पिवळे दिसत. शेवटी आम्ही दोन्ही कपड्यांचा नाद सोडला आणि चेहऱ्यांवरून रंग बसवला.

चेहऱ्यांच्या बाबतीतही एक सावधगिरी मला आवश्यक वाटते. आजच्या पडद्यावर सावळा चेहरा थोडा उजळला की लोकांना चित्र ‘साफ’ झाल्यासारखे वाटते, आणि तसा आग्रह धरणारेही भेटतात. मी हे होऊ देत नाही. शेतमजुराची भूमिका करणाऱ्या नटाने उन्हात रापलेला चेहरा मेहनतीने उभा केलेला असतो, आणि तो गोरा करण्याचा अधिकार आपल्याला कुणीही दिलेला नाही.

मग साक्षीदार कोण? पहिली साक्ष जुन्या प्रिंटची. गुलाबी पडलेली प्रिंटसुद्धा कोणता शॉट गडद होता आणि कोणता उजळ, हे विश्वासाने सांगते. दुसरी साक्ष कॅमेरामनची. १९७६ सालच्या ‘मंथन’ची निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात होती, आणि फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्यावर केलेल्या कामात गोविंद निहलानी स्वतः लक्ष घालत होते; ज्याने प्रकाश योजला त्याचीच नजर रंगावर असणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. तरीही स्मरणावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, कारण आपणा सर्वांची आठवण नंतर दूरदर्शनवर आणि व्हिडिओ कॅसेटवर पाहिलेल्या रंगांनी बदललेली असते. लॉबीतली छायाचित्रे आणि पोस्टर तर मी पुराव्यात धरतच नाही, कारण बरीच छायाचित्रे कृष्णधवल असत आणि त्यांवर हाताने रंग चढवलेला असे. थिएटरातला दिवाही विचारात घ्यावा लागतो. कार्बनच्या कांड्यांच्या ज्योतीसाठी ठरवलेली प्रिंट झेनॉन दिव्यावर थोडी वेगळी दिसते, आणि आजच्या टीव्हीच्या निळसर पांढऱ्यावर आणखी वेगळी.

कापडाच्या तुकड्याइतका भरवशाचा साक्षीदार मात्र मला दुसरा आढळलेला नाही. आपल्या भाषेत आमसुली, डाळिंबी, किरमिजी, कुसुंबी असे लालाचे कितीतरी शब्द आहेत, आणि संगणकाच्या पडद्यावर त्यांतले अंतर एका बोटाच्या हालचालीने पुसले जाते. ज्या वेळी जुनी साडी जपून ठेवलेली मिळते, त्या वेळी ती खिडकीच्या उजेडात आणि दिव्याखाली अशी दोनदा पाहून, तिच्या घडीच्या आतला न उडालेला रंग आम्ही टिपून घेतो.

पुराव्याअभावी जिथे निर्णय माझा मलाच घ्यावा लागतो, तिथे मी तो लिहून ठेवतो, आणि मूळ स्कॅन हात न लावता स्वतंत्र जपतो. उद्या एखादी चांगली प्रिंट सापडली तर पुढच्या माणसाला माझा रंग बाजूला सारून नव्याने सुरुवात करता आली पाहिजे.

म्हणून आपणा सर्वांना एक विनंती आहे. या शहरातल्या कितीतरी घरांच्या माळ्यांवर, बंद पडलेल्या कचेऱ्यांच्या कपाटांत अजूनही फिल्मचे डबे पडलेले आहेत. डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तरी तो फेकू नका, फक्त इतर डब्यांपासून वेगळा ठेवा आणि जाणकारांना कळवा. आणि आतले कागद तर मुळीच टाकू नका. त्या कंदिलाच्या प्रसंगाचे ग्रेडिंगचे कार्ड आम्हाला दोन वर्षांनी निर्मात्याच्या घरी एका गंजलेल्या डब्याच्या झाकणात मिळाले. तीन आकडे होते आणि पुढे पेन्सिलीने ‘नाइट’ लिहिलेले होते. चूक कळल्यावर आम्ही घाईने केलेली रात्र त्या आकड्यांपेक्षा कितीतरी अधिक निळी आणि अधिक काळोखी होती. मूळ रात्रीत तिच्या पायाखालची वाट दिसत होती. ते रीळ आम्ही पुन्हा केले.