ट्रॅकवर शो करायचाय? आधी आऊटपुट मोजा

मंडळी, मला नेहमी हेच विचारतात की सर, ट्रॅकवर, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या म्युझिकवर शो करायचाय, लॅपटॉप कुठला घेऊ? मी म्हणतो लॅपटॉपचं नंतर बघू, आधी सांगा क्लिक, म्हणजे ताल धरायला लागणारा टिकटिक आवाज, कोणाला ऐकायचाय. नुसते गायक आणि मागे मायनस ट्रॅक (गायकाचा आवाज नसलेला) असेल तर लेफ्ट-राईट दोन आऊटपुटमध्ये भागतं. पण ढोलकी, ऑक्टापॅड (काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड), कीबोर्ड लाईव्ह असेल तर ऑक्टापॅडवाल्याच्या कानात क्लिक हवाच आणि तो पब्लिकला ऐकू जाता कामा नये, म्हणजे तिसरं आऊटपुट आलंच, मग सरळ चार आऊटपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे लॅपटॉपला जोडायचा आवाजाचा डबा, घ्या. बजेट नसेल तर एकाच फाईलमध्ये डावीकडे म्युझिक, उजवीकडे क्लिक भरा, फोनवरूनही चालतं, फक्त ट्रॅक मोनो होतो, म्हणजे डावं-उजवं वेगळं राहत नाही, आणि साऊंडवाल्याला आधी सांगून ठेवावं लागतं.

आता केबल. इथे जरा लक्ष द्या, कारण चांगले चांगले शो इथेच बिघडतात. लॅपटॉपच्या हेडफोन सॉकेटमधून स्टिरिओ केबल निघते, तिच्या दुसऱ्या टोकाला एकच मोठी स्टिरिओ पिन असते आणि ती कुणीतरी मिक्सरच्या एका मोनो चॅनलला खोचतो. तो इनपुट बॅलन्स्ड असतो, म्हणजे डाव्या-उजव्या सिग्नलमधला फक्त फरक तो पुढे पाठवतो. आणि ट्रॅकमधले किक, बेस हे तर मध्यभागी असतात, दोन्हीकडे अगदी सारखे, त्यामुळे ते वजा होऊन गायबच होतात! उरतो रिव्हर्ब आणि कडेची थोडी व्हायोलिनं. सगळे म्हणतात ट्रॅकच खराब आहे, पण ट्रॅक ठणठणीत असतो हो, केबल चुकीची असते. दोन वेगळ्या मोनो पिना निघणारी केबल घ्या आणि दोन चॅनल वापरा.

त्याहून चांगलं म्हणजे दोन चॅनलचा डीआय बॉक्स, लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये लावायचा छोटा डबा. मिक्सर पार मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असतो, हेडफोनचा सिग्नल एवढ्या लांब नेण्यासाठी नसतोच, डीआय तो बॅलन्स्ड करून पाठवतो. चार्जर लावल्यावर स्पीकरमधून घूंऽऽ येतं ना, आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेचं, त्यासाठी डीआयवर ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे ऑडिओ केबलमधली ग्राउंडची जोडणी तोडणारं, बटण असतं, पॅसिव्ह ट्रान्सफॉर्मरवाला असेल तर बहुतेक वेळा आवाज तिथेच थांबतो. काहीजण त्याऐवजी प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. हात जोडून सांगतो, हे करू नका, पावसात ओल्या झालेल्या स्टेजवर गायकाच्या हातात माईक असतो, जीव जाऊ शकतो.

बाकीचं पटकन सांगतो. ब्लूटूथ नको, आवाज उशिरा येतो आणि मध्येच तुटतो. ऑनलाइन व्हिडिओवरून ट्रॅक लावू नका, मांडवात दोन हजार माणसं आली की नेटचा भरवसा नाही. फाईल वेव्ह (WAV) ठेवा, फोन फ्लाईट मोडवर. आणि दुसऱ्या फोनमध्ये तेच ट्रॅक त्याच क्रमाने भरून तो वेगळ्या चॅनलला जोडूनच ठेवा, फेडर म्हणजे आवाजाची सरकपट्टी खाली, पहिला अडला की वर.

मघाशी कुणीतरी विचारलं होतं, लॅपटॉपऐवजी पॅडवरून ट्रॅक सोडला तर? ऑक्टापॅडवालाच ट्रॅक सोडणार असेल तर मला तोच मार्ग जास्त आवडतो. रोलँड कंपनीच्या एसपीडी-एसएक्ससारख्या सॅम्पलिंग पॅडला (ज्यात आपले ट्रॅक भरता येतात) मास्टर आणि सब अशी वेगळी आऊटपुट असतात, ट्रॅक मास्टरमधून द्यायचा, क्लिक सबमधून, आणि लॅपटॉप घरीच ठेवायचा.